बदलीचं विचारलंय, उत्तर काय देऊ?

"कंपनी दुसऱ्या शहरात जा म्हणतेय. हो म्हटलं तर घराची घडी विस्कटते, नाही म्हटलं तर नोकरीवर गदा येईल." मी समुपदेशक आहे, ही चिंता घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात, आणि येतात तेव्हा त्यांना हो आणि नाही एवढ्या दोनच वाटा दिसत असतात. नाशिकच्या एका ताईंचा अनुभव सांगते. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्या सातपूरला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात होत्या. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं, "गुजरातला, साणंदच्या युनिटला क्वालिटी हेड म्हणून जाल का?" ताईंनी उत्तर दिलं, "बघते सर, जरा अवघड आहे." त्यानंतर आठवडा उलटला तरी घरी एक शब्द नाही. यजमानांचं मेडिकल दुकान, मुलगा सहावीत, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. रात्री झोप नाही, दिवसभर डोकं दुखतंय. "मला बाजूला करायचंय म्हणून हे चाललंय, मॅडम," असं त्यांनी स्वतःशी पक्कं केलं होतं.

मी विचारलं, नेमकं काय म्हणाले साहेब? किती काळासाठी? पगार तोच की वाढणार? घरभाडं कोण देणार? नाही म्हटलं तर इथली जागा राहणार का? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. म्हणजे अर्धवट ऐकलेल्या प्रस्तावावर त्यांची आठवडाभराची झोप गेली होती. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं. प्रश्न पुरता समजण्याआधीच माणूस उत्तर शोधायला लागतो, आणि मग मन सगळ्या रिकाम्या जागा भीतीने भरून काढतं.

त्यामुळे पहिल्या भेटीत हो की नाही हा विषयच मी बाजूला ठेवला. घरी जाऊन नेमणूकपत्र काढा, एवढंच सांगितलं. 'कंपनीच्या भारतातील कोणत्याही ठिकाणी बदली होऊ शकते' हे वाक्य त्यात निघालं, आणि ते बहुतेक पत्रांत असतंच. असं कलम असेल तर केवळ गैरसोय होते म्हणून कोर्ट सहसा बदली रोखत नाही. आकसाने केलेली बदली मात्र वेगळी, कामगार कायदा तिला अनुचित प्रथा मानतो. तशी शंका असेल तर समुपदेशकाआधी कामगार कायद्याच्या वकिलाला भेटावं. इथे आकसाचं काही दिसत नव्हतं. 2008 मध्ये टाटांच्या नॅनो गाडीचा प्रकल्प पश्चिम बंगालमधल्या सिंगूरहून साणंदला हलला. पुढे त्या पट्ट्यात गाड्यांचे कारखाने वाढले आणि सुटे भाग पुरवणारेही मागोमाग गेले. ताईंच्या कंपनीचं युनिट त्यातलंच, आणि तिथल्या मालाबद्दल तक्रारी येत होत्या हे ताईंनाही ठाऊक होतं. हे त्या स्वतःच्या तोंडाने बोलल्या, तेव्हा 'मला बाजूला करतायत' हा विचार आपोआप सैल झाला.

मग आम्ही साहेबांना पाठवायचा मेल लिहिला. त्याचा मजकूर असा: "साणंदच्या जबाबदारीसाठी माझा विचार केलात, याबद्दल आभार. मी याचा गांभीर्याने विचार करते आहे. निर्णय घेण्यासाठी मला कालावधी, पद, पगार, राहण्याची व्यवस्था आणि परतीची शक्यता याविषयी माहिती हवी आहे. ती मिळाल्यावर पंधरा दिवसांत मी नक्की कळवेन." यात होकार नाही, नकारही नाही. गयावया नाही की अटी घालण्याचा सूरही नाही. शेवटची मुदत मात्र आपल्याकडून दिलेली आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. 'बघते'चा अर्थ साहेब आपल्या सोयीने लावतात. तारीख दिली की त्यांनाही थांबणं सोपं जातं. साहेबांनी दुसऱ्याच दिवशी एचआरबरोबर बोलणं ठरवून दिलं.

घरचा भाग जास्त कठीण गेला. होम्स आणि राहे या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी 1967 मध्ये आयुष्यातल्या बदलांचा ताण गुणांत मोजणारी पट्टी तयार केली. तीत राहतं घर बदलण्याला 20 गुण आहेत, शाळा बदलण्याला 20, जोडीदाराचं काम सुरू होण्याला किंवा थांबण्याला 26, कामातली जबाबदारी बदलण्याला 29. ही पट्टी जुनी आहे आणि परक्या समाजातली आहे, तिच्यावरून मी कुणाचं निदान करत नाही. पण एका बदलीच्या पोटात किती बदल असतात, हे तिच्यामुळे कागदावर दिसतं. ताईंनी यादी केली. दुकानाचा औषधविक्रीचा परवाना त्या जागेपुरताच असतो, त्यामुळे यजमानांनी साणंदला यायचं तर सगळं पहिल्यापासून. गुजरातमध्ये 2023 च्या कायद्याने पहिली ते आठवीला गुजराती शिकवणं सक्तीचं झालंय, म्हणजे मुलापुढे नवी भाषा. सासूबाईंचे डॉक्टर, फिजिओथेरपी सगळं नाशकात.

यादी संपल्यावर मी विचारलं, "आणि तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "मला जायचंय, मॅडम. पण असं वाटणंच चुकीचं आहे ना?" आठवडाभर गप्प राहण्याचं कारण हे होतं. पुरुषाला बढतीवर बदली मिळाली तर घरात पेढे वाटले जातात. बाईने ती इच्छा मनात आणली तरी तिला अपराधी वाटतं. हे बदलायला हवं, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही चुकीचं काही मागत नाही आहात, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

घरचं पहिलं बोलणं बिनसलं. "म्हणजे सगळं ठरवूनच आलीस," असं सासूबाई म्हणाल्या. आपल्याआधी परक्या माणसाला सांगितलं म्हणून यजमान दुखावले, आणि ते दुखावणं रास्त होतं. दुसऱ्या वेळी ताईंनी यादी सगळ्यांसमोर ठेवली आणि प्रत्येकाला एकच विचारलं, "यातलं तुम्हाला सगळ्यात जड काय जाईल?" मुलाचं उत्तर शाळा नव्हतं, त्याचा क्रिकेटचा क्लास होता. यजमानांना रात्रीची काळजी होती: दुकान बंद करून येईपर्यंत आईकडे आणि मुलाकडे कोण बघणार? अडचण एवढी नेमकी झाली की तिच्यावर बोलता येतं. संध्याकाळसाठी एक मावशी ठेवायचं ठरलं.

मग ताईंनी कंपनीपुढे आपला प्रस्ताव ठेवला: सुरुवातीला एकटीच जाणार, शाळेचं वर्ष संपेपर्यंत कुटुंब नाशिकला राहणार, कंपनीने राहण्याची सोय करावी, दर पंधरवड्याला घरी येण्याचा खर्च द्यावा आणि दोन वर्षांनी परत आणण्याचं लेखी द्यावं. पहिल्या चार गोष्टी मान्य झाल्या. परतीचं लेखी आश्वासन मिळालं नाही, दीड वर्षाने आढावा घेऊ एवढंच पत्रात आलं. ताईंनी ते स्वीकारलं. सामान नेण्याचा आणि प्रवासाचा भत्ता प्रत्यक्ष खर्चापुरता करमुक्त असतो, म्हणून पावत्या जपून ठेवायला मी सांगितलं.

प्रत्येकाने जावंच असं माझं म्हणणं नाही. अंथरुणाला खिळलेले वडील सोडून जाणं शक्य नसलेल्या एका गृहस्थांनी याच पद्धतीने नकार दिला. कारण एका वाक्यात सांगितलं, आणि पुढे लिहिलं की महिन्यातून आठवडाभर तिकडे जाऊन तिथल्या माणसांना मी तयार करू शकतो. कंपनीने ते मानलं. प्रत्येक कंपनी मानेलच असं नाही, म्हणून नकार कळवण्याआधी सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी आहे का, हे त्यांनी पाहून ठेवलं होतं.

ताई आता साणंदला आहेत. कुटुंबाने तिकडे जायचं का, हे ठरलेलं नाही. त्यासाठी चौघांनी मिळून मार्च महिना ठरवलाय, आणि तोवर त्या विषयावर रोज वाद घालायचा नाही, असंही ठरलंय.