सफरचंद लावण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

केळी मोडून दोन एकरांत सफरचंद लावायचं तुझ्या मनात आहे, असं कळलं. उन्हाळी मुलखात येणाऱ्या जाती आहेत, हे खरं. हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांची एचआरएमएन-९९ आहे. ॲना, डॉर्सेट गोल्डन यांनाही थंडी कमी लागते. आपल्या रावेर-यावलच्या उन्हात झाड जगेल, फळही धरेल. मला काळजी आहे ती विक्रीची.

जिथे सफरचंद वर्षानुवर्षं पिकतंय, तिथे काय चाललंय ते बघ. अमेरिकेत रेड डिलिशस कित्येक दशकं पहिल्या नंबरावर होतं. गिऱ्हाईक लाल रंगाला भुलतं म्हणून बागाईतदार ज्या फांदीला जास्त लाल फळ येई तिचीच कलमं करत गेले. रंग वाढला, चव गेली, गर पिठूळ झाला. २०१८ च्या सुमारास गाला ही दुसरी जात त्याच्या पुढे गेली. हनीक्रिस्प या आणखी एका जातीसाठी लोकांनी उभ्या बागा उपटल्या. हिमाचलातही रॉयल डिलिशसची मोठी झाडं जाऊन बुटक्या खुंटावरचं (खुंट म्हणजे कलमाखालचं मुळाचं झाड) गाला आणि आखूड फांद्यांवर दाट फळ धरणाऱ्या स्पर जाती येताहेत, कारण त्या खुंटावर दोन-तीन वर्षांत फळ दिसतं.

केळीत आपणही बसराई, श्रीमंती, मग टिश्यू कल्चरची ग्रँड नैन असे बदलत आलो. पण केळीत निवड चुकली तर वर्षा-दीड वर्षात सुधारता येते. सफरचंदात तेवढ्यात पहिलं फळही हाती येत नाही.

आणि रंगाचं काय? फळ लाल व्हायला रात्री गार लागतात. आपल्याकडे मे-जूनच्या रात्रीही तापलेल्या. काश्मिरी फळाशेजारी तुझं फिकं फळ ठेवलं की व्यापारी भाव पाडणारच. तुझ्या बाजूला एकच गोष्ट आहे: या जाती जूनच्या आसपास पिकतात, तेव्हा पहाडातला नवा माल यायचा असतो. तेवढ्यावर दोन एकर लावू नकोस.

विहिरीजवळ वीस-पंचवीस झाडं लाव. ॲनाबरोबर परागासाठी डॉर्सेट हवंच. केळी राहू दे. नर्सरीवाल्याला पैसे देण्याआधी कलम कोणत्या खुंटावर बांधलंय ते विचार. त्याला सांगता आलं नाही, तर तिथून रोप घेऊ नकोस.

तुझा,
काका