शॅमेलिऑन आजारी, बिल नाही, विकणारा फोन उचलत नाही: आता काय?

भांडुपच्या एका वाचकाचा मोठा मेसेज आलाय, थोडक्यात सांगते. वय 26, नोकरी पवईला. ऑनलाइन एका पेजवर रील बघून 22,000 रुपयांना शॅमेलिऑन (रंग बदलणारा सरडा) घेतला, डिलिव्हरी कुर्ला स्टेशनच्या बाहेर एका खोक्यात, पैसे यूपीआयने, बिल नाही. विकणारा म्हणाला "कॅप्टिव्ह ब्रेड (म्हणजे पिंजऱ्यातच जन्मलेला) आहे, एकदम हेल्दी, पेपर नंतर पाठवतो". नऊ दिवस झाले. चार दिवसांपासून तो दिवसासुद्धा डोळे मिटून बसतो, डोळे आत गेलेत, रंग काळपट, किडे समोर धरले तरी जीभ बाहेर टाकत नाही, काठीवरची पकड सुटते आणि पुढचा एक पाय वाकडा दिसतोय. विकणाऱ्याला सांगितलं तर आधी "ॲडजस्ट होतोय", मग "आणून दे, दुसरा देतो", आणि आता फोनच बंद. यांचे प्रश्न असे: पैसे परत मिळतील का, डॉक्टरकडे नेला तर पोलिस केस होईल का, आणि आई म्हणते तसा आरेच्या जंगलात सोडून दिला तर चालेल का. शेवटी अजून एक छोटा प्रश्न आहे, तो शेवटीच घेते.

आधी डॉक्टर. आजच. मी वकील आहे, प्राण्यांची डॉक्टर नाही, पण असली दोनतीन प्रकरणं हाताळताना एक्झॉटिक म्हणजे कुत्र्या-मांजरांपलीकडचे प्राणी बघणाऱ्या व्हेटशी तासन्‌तास बोलले आहे आणि त्यांचं एक वाक्य सगळीकडे सारखं असतं, की हा प्राणी आजार लपवतो, तो "आजारी दिसायला" लागला म्हणजे बरेच दिवस आजारी आहे. दिवसा डोळे मिटून बसणं ही शॅमेलिऑनमध्ये साधी गोष्ट नाही. त्यामुळे सोमवारपर्यंत बघू, सुट्टी मिळाली की जातो, असलं काही करू नका. आणि आजारी जनावर डॉक्टरला दाखवणं हा कुठल्याही कायद्यात गुन्हा नाही, उलट न दाखवणं, नीट पाणी-खाणं न देणं हे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात बसू शकतं. नेताना हवा जाईल असं खोकं घ्या, आत पकडायला एक काठी ठेवा, रिक्षाने जा, संध्याकाळच्या ठाणा फास्टमध्ये चढू नका प्लीज. ताजी विष्ठा मिळाली तर डबीत घालून सोबत न्या आणि घरच्या पिंजऱ्याचे, दिव्याचे फोटो मोबाईलवर ठेवा. यूट्यूब बघून घरी इंजेक्शन देणं किंवा तोंड उघडून कोंबणं नको, एक तर तो मरेल आणि दुसरं म्हणजे केसमध्ये बोट तुमच्याकडे वळेल.

आता पैशांचं. इथे खरा पेच आहे आणि तो बहुतेक लोकांना कळत नाही, त्यांना वाटतं आजारी माल दिला म्हणजे विकणारा चूक, विषय संपला. तसं नसतं. ग्राहक आयोगात समोरचा वकील पहिलं हेच म्हणणार की प्राणी दिला तेव्हा ठणठणीत होता, यांनी घरी नेऊन हाल केले. म्हणून कुठलं लक्षण कोणाच्या अंगावर जातं ते समजून घ्या.

डोळे आत जाणं म्हणजे बहुतेक वेळा पाणी कमी पडणं. विष्ठेतला पांढरा भाग पिवळा-केशरी झाला असेल तर तेच. हे थोड्या दिवसांत होऊ शकतं, म्हणजे तुमच्याकडेही झालं असू शकतं. तुम्ही लिहिलंय की वाटीत पाणी ठेवलं होतं आणि काचेच्या फिशटँकमध्ये ठेवलाय. अहो, शॅमेलिऑन साधारणपणे वाटीतलं पाणी पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो, आणि त्याला मोकळी हवा खेळेल असा जाळीचा पिंजरा लागतो. हा मुद्दा विरुद्ध बाजू वापरणारच. त्यामुळे एकट्या डोळ्यांवर केस उभी करू नका.

तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, मान वर करून बसणं, तोंडापाशी फेस किंवा बुडबुडे, श्वासाचा टिकटिक आवाज, हे श्वसनाच्या इन्फेक्शनचं. तुम्ही हे लिहिलेलं नाही पण डॉक्टरला विचारा. हा आजार विक्रीच्या आधीचा की नंतरचा यावर दोन्ही बाजूंनी भांडता येतं, म्हणजे तुमच्या फारसा कामाचा नाही.

कामाचा आहे तो वाकडा पाय. पाय वाकणं, जबडा रबरासारखा मऊ लागणं, पकड जाणं, जीभ न टाकणं, अंग थरथरणं, हे सगळं मिळून मेटाबॉलिक बोन डिसीजकडे बोट दाखवतं. कॅल्शियम कमी किंवा यूव्हीबीचा (उन्हातल्या अतिनील किरणांचा) दिवा नाही म्हणून शरीरात व्हिटॅमिन डी-थ्री तयार होत नाही, मग शरीर हाडातलं कॅल्शियम ओढतं. आणि वकील म्हणून मला यात रस एवढ्यासाठी आहे की हाड असं नऊ दिवसांत वाकत नाही, त्याला आठवडे, महिने लागतात. तारखेचा एक्स-रे आणि त्याच्याखाली डॉक्टरने लिहिलेलं एक वाक्य, की हाडांतला बदल अमुक आठवड्यांपेक्षा जुना वाटतो, हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. डॉक्टर आपणहून हे लिहीत नाहीत, ते औषध लिहितात, म्हणून तुम्ही सांगायचं की खरेदीची तारीख केसपेपरवर टाका आणि आजाराचा अंदाजे काळ लिहा. यूपीआयच्या मेसेजमध्ये खरेदीची तारीख आहेच, दोन तारखा शेजारी ठेवल्या की गणित आयोगाला आपोआप दिसतं. (खिडकीत ऊन येतं म्हणून दिवा घेतला नाही असं तुम्ही लिहिलंय, काचेतून यूव्हीबी येत नाही, आजच दिवा घ्या. पण नऊ दिवस दिवा नव्हता म्हणून पाय वाकला असं कोणी म्हणू शकणार नाही.)

विष्ठेच्या तपासणीत जंत खूप निघाले तर ते दुधारी आहे. जंगलातून पकडलेल्या जनावरांत जंतांचा भार बऱ्याचदा जास्त असतो, म्हणजे "कॅप्टिव्ह ब्रेड" ही थाप होती असं म्हणायला आधार मिळतो, पण त्याच वेळी तुमच्या हातात जंगलातून आणलेलं जनावर आहे हेही तुम्हीच सिद्ध करत असता.

आणि इथेच तो प्रश्न येतो जो तुम्ही विचारलाच नाहीये: हा शॅमेलिऑन नेमका कुठला? दोन शक्यता आहेत आणि दोन्हीचा कायदा पूर्ण वेगळा.

आपल्याकडचा देशी शॅमेलिऑन, ज्याला घोयरा म्हणतात, तो वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली संरक्षित आहे. तो पाळता येत नाही, विकता येत नाही, विकत घेता येत नाही, बिल असलं तरी नाही आणि नसलं तरी नाही. तसा निघाला तर 22,000 विसरा. बेकायदा गोष्टीच्या व्यवहाराला कोर्ट मदत करत नाही, करार कायद्याच्या कलम 23 चा अर्थ साध्या भाषेत तोच, आणि आयोगात तक्रार करणं म्हणजे स्वतःच्या सहीने कबुली देणं. तेव्हा डॉक्टरकडून स्थिर करून घ्या, लगेच वकील गाठा आणि त्यांच्यामार्फत वन विभागाच्या ताब्यात द्या, हेल्पलाइन 1926, लेखी पत्र आणि पोच घेऊन. स्वतःहून दिला म्हणून गुन्हा कागदावर पुसला जातो असं मी म्हणणार नाही, पण स्वतःहून आलेला माणूस आणि धाड टाकून सापडलेला माणूस यात फरक केला जातो आणि तो फरक तुम्हाला हवाय. पत्रात काय लिहायचं ते वकिलाला ठरवू द्या, रात्री दोन वाजता भावनेच्या भरात मेल टाकू नका.

दुसरी शक्यता, आणि 22,000 किंमत बघता मला तीच जास्त वाटते, की हा परदेशी आहे, येमेन-सौदीकडचा व्हेल्ड किंवा मादागास्करचा पँथर. डोक्यावर उंच शेंडीसारखा तुरा असेल तर व्हेल्ड, पण पिल्लांचा तुरा छोटा असतो, त्यामुळे गुगलचे फोटो बघून ठरवू नका, डॉक्टरकडून जात लिहून घ्या. हे दोन्ही आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइटिस यादीच्या परिशिष्ट 2 मध्ये आहेत. 2022 च्या दुरुस्तीने ही यादी आपल्या वन्यजीव कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आली, ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे, आणि कलम 49एम प्रमाणे असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे त्याने नोंदणी करायची. 2024 च्या नियमांप्रमाणे प्राणी ताब्यात आल्यापासून 30 दिवसांत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर अर्ज करायचा. तुमचे नऊ गेलेत. प्राणी मेला किंवा दुसऱ्याला दिला तर तेही कळवावं लागतं, हे लक्षात ठेवा, कारण मेला की लोक गुपचूप पुरून टाकतात आणि मग कागदावर तो जिवंतच राहतो.

अर्ज करायला मुळात तो तुमच्याकडे कायदेशीर मार्गाने आला हे दाखवावं लागतं आणि तिथे विकणाऱ्याचे "नंतर पाठवतो" वाले पेपर लागतात. हे लोक खूपदा 2020 च्या स्वेच्छा घोषणा योजनेचं (आपल्याकडचे परदेशी प्राणी सरकारला स्वतःहून कळवायची योजना) कुठलं तरी जुनं सर्टिफिकेट व्हॉट्सॲपवर टाकतात. ती योजना केव्हाच बंद झाली. सर्टिफिकेट कोणाच्या नावावर आहे, कुठल्या जातीचं आहे, तुमच्या हातातला प्राणी तोच कशावरून, हे बघा. वीस प्राण्यांच्या नावाखाली एकच कागद फिरवणारे आहेत. पेपर आलेच नाहीत किंवा खोटे निघाले तर तुमची गोष्टही वन विभागाच्याच रस्त्याने जाते, वर आयातीचा कस्टम्सचा मामला वेगळा, त्यामुळे पोर्टलवर काहीही भरण्याआधी कागद घेऊन वकिलाला प्रत्यक्ष भेटा.

पेपर खरे निघाले तर मात्र ग्राहक संरक्षण कायदा 2019 तुमच्या बाजूने बराच उभा आहे. प्राणी हा कायद्याच्या नजरेत वस्तूच आहे, ऐकायला वाईट वाटतं पण फायदा त्यातच आहे. बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिलीच नसेल तर 30 दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा. म्हणजे 30 दिवसांचा आकडा तुम्हाला दोन ठिकाणी लागू आहे, तेव्हा परत घ्या अशी लेखी मागणी आजच व्हॉट्सॲप आणि मेल दोन्हीवर टाका, फोन बंद असला तरी मेसेज गेल्याचा स्क्रीनशॉट राहतो. "विकलेला प्राणी परत घेतला जाणार नाही" असं पेजवर लिहिलंय म्हणता, एका ओळीने कायदा संपत नाही. शिवाय 2018 च्या पेट शॉप नियमांप्रमाणे असा धंदा करायला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते, ती आहे का हे नोटिशीत विचारायचंच, बहुतेकांची बोलती तिथेच बंद होते.

तक्रार तुम्ही राहता तिथल्या आयोगात करता येते, म्हणजे तुमच्यासाठी मुंबई उपनगर, वांद्रे पूर्वेला. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते, मुदत दोन वर्षं. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघायला हरकत नाही, छोटे विक्रेते कधीकधी तेवढ्यानेच नरम येतात. किंमत, डॉक्टरची फी, एक्स-रे, औषधं आणि मनस्तापाची भरपाई मागा, पण मनस्ताप म्हणून पाच लाख लिहू नका, हसं होतं. पुराव्यात रील आधी सेव्ह करा कारण तीच सगळ्यात पहिली डिलीट होते, चॅट एक्सपोर्ट करा आणि मूळ फोन विकू नका, इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

बदलून घ्यायला कुर्ल्याला जाऊ का? नाही. एक तर आजारी जीव पुढच्या गिऱ्हाइकाला विकला जाईल, आणि कागद नसलेला प्राणी देऊन दुसरा घेतलात तर एकाऐवजी दोन बेकायदा व्यवहारांत तुमचं नाव लागेल, आणि पुरावा हातातून गेला तो वेगळाच. आईंना सांगा आरे नको. तहान-भुकेने हाल होतील अशा ठिकाणी प्राणी टाकून देणं हा गुन्हा आहे, अशा आजारी अवस्थेत तो तिथे बहुधा टिकणार नाही, आणि आजार संसर्गाचा असेल तर तो तिथल्या देशी सरड्यांनाही लागू शकतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, की डॉक्टरकडे भीती वाटते म्हणून मित्राचं नाव आणि खोटा नंबर सांगू का. अजिबात नको. वर ज्या एक्स-रेवर मी एवढी भिस्त ठेवली तो दुसऱ्याच्या नावावर असेल तर यूपीआय तुमचं आणि प्राणी त्याचा, अशी केस मी तरी घेणार नाही, आणि उद्या वन विभागाने विचारलं तर खोटं नाव का दिलं याचं उत्तर तुमच्याकडे नसेल. स्वतःचं नाव, खरा पत्ता, खरेदीची तारीख, आणि घरी काय चुकलं, ती पाण्याची वाटी आणि फिशटँक, तेही खरं सांगा, कारण औषध त्यावर ठरतं.