अहवालाची वाट पाहू नका, सहा महिने संपत आले आहेत

प्रश्न थोडक्यात असा: मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी पोलीस ठाण्यासमोर जमाव जमला, दगडफेक झाली, पोलिसांनी तीन फैरी झाडल्या. वाचकाचा धाकटा भाऊ दुकानाचे शटर ओढत होता. त्याला मागून मांडीत गोळी लागली, हाड मोडले, रॉड टाकावा लागला. एफआयआरमध्ये 'हवेत गोळीबार केला' असे लिहिले आहे आणि आरोपींच्या यादीत भावाचेही नाव आहे. उपविभागीय दंडाधिकाऱ्यांची चौकशी सुरू आहे. घटनेला पाच महिने उलटले. वाचक विचारतात, 'पोलिसांनी बंदूक नेमकी कधी काढायची असते? अहवाल आला की केस कोणावर करायची?'

गोळीबारात जखमी झालेल्यांच्या घरून येणारी बहुतेक पत्रे याच वळणावर थांबलेली असतात. चौकशी लागली आहे, पुढारी म्हणतात थांबा, म्हणून थांबलो. तुम्ही अहवालाची वाट बघताय, पण कायद्याचे घड्याळ अहवालासाठी थांबत नाही. म्हणून तुमच्या दोन प्रश्नांतला दुसरा आधी घेतो.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम १६१ आजच वाचून घ्या. पोलिसाने कर्तव्याच्या नावाखाली किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दलचा खटला किंवा दावा घटनेपासून सहा महिन्यांत दाखल झाला नाही, तर न्यायालय तो ऐकत नाही. फौजदारी खटल्यापुरता एकच अपवाद आहे. राज्य सरकारची पूर्वमंजुरी घेऊन तो दोन वर्षांपर्यंत दाखल करता येतो. दिवाणी दाव्याला हा अपवाद नाही, उलट त्याआधी संबंधित पोलिसाला किमान एक महिन्याची नोटीस द्यावीच लागते. तुमच्या हातात आता जेमतेम तीन आठवडे आहेत. दंडाधिकाऱ्यांची चौकशी, विभागीय चौकशी, न्यायिक आयोग, यातले काहीही ही मुदत वाढवत नाही. शिवाय चौकशी आयोग अधिनियम, १९५२ च्या कलम ६ मुळे आयोगापुढे दिलेला जबाब, खोट्या साक्षीचा खटला सोडला तर, त्या माणसाविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. म्हणजे अहवाल तुमच्या बाजूने आला तरी खटला तुम्हाला पहिल्या साक्षीदारापासूनच उभा करावा लागेल.

कोणी तुम्हाला सांगेल की हे कलम इथे लागूच होत नाही. महाराष्ट्र सरकार विरुद्ध आत्माराम या १९६६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कोठडीतल्या मारहाणीला या मुदतीचे संरक्षण नाकारले, हे खरे आहे. पण मारहाण करून कबुली घेणे हे पोलिसाचे कामच नाही. जमाव पांगवणे मात्र त्याचे काम आहे. त्या निकालाच्या भरवशावर सहा महिने घालवू नका. वेळेत दाखल करा, वाद नंतर घालता येईल.

दाखल काय करायचे? प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे भावाची खासगी फिर्याद. पोलीस ठाण्यात दिलेला अर्ज म्हणजे खटला दाखल होणे नव्हे, या गैरसमजात अनेकांची मुदत गेली आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे लोकसेवकाविरुद्धच्या फिर्यादीत न्यायालय आधी त्याचे म्हणणे आणि त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवते. त्यात महिने जातील. जाऊ द्या. मुदत मोजताना फिर्याद दाखल केल्याची तारीख धरतात, न्यायालयाने दखल घेतल्याची, म्हणजे ती विचारात घेतल्याची, नाही. २०१३ मध्ये सारा मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फौजदारी मुदतीच्या सर्वसाधारण तरतुदींबाबत हे स्पष्ट केले आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न, कारण फिर्याद कशी लिहायची ते त्याच्या उत्तरावर ठरते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये (जुने कलम १२९) बंदुकीचा उल्लेखच नाही, फक्त बळाचा आहे. क्रम असा: जमाव बेकायदेशीर हवा, किंवा पाच वा अधिक लोकांचा आणि शांतता बिघडवू शकेल असा हवा. कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी, आणि तो नसेल तर उपनिरीक्षक किंवा त्याहून वरचा अधिकारी, यांनी पांगण्याचा हुकूम द्यायला हवा. हुकूम मोडला गेला, किंवा पांगायचे नाहीच असे जमावाच्या वागण्यातून दिसले, तरच बळ वापरता येते. शिपायाला स्वतःच्या मनाने जमावावर गोळी झाडता येत नाही. त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतले असेल तर तो खासगी बचावाचा हक्क सांगू शकतो, पण ती बाजू वेगळी आणि ती त्यानेच सिद्ध करायची.

किती बळ, याचे उत्तर पोलिसांच्याच नियमांत आहे. पोलीस महानिरीक्षकांच्या परिषदेने १९६४ मध्ये स्वीकारलेले आदर्श नियम आजही दाखवता येतात: स्पष्ट इशारा, मग अश्रुधूर, लाठी, आणि त्यानेही भागले नाही तर गोळी. तीही नेम खाली धरून, जमावाच्या सर्वांत आक्रमक भागावर, जमाव हलू लागताच थांबवायची. डोक्यावरून गोळी झाडायची नाही, कारण ती पुढे कुणा निरपराधावर जाऊन पडते. वर्तमानपत्रांत 'हवेत गोळीबार' हे शब्द सौम्य वाटतात, पण नियमाच्या दृष्टीने तीच चूक आहे. शिवाय हवेत झाडलेली गोळी शटर ओढणाऱ्याच्या मांडीत मागून शिरत नाही. पोलिसांच्या एफआयआरमधले हे एक वाक्य तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. त्याची प्रमाणित प्रत काढून ठेवा.

फिर्यादीच्या मसुद्यात खरी गोम याच संहितेच्या कलम १५१ ची आहे (जुने १३२). जमाव पांगवताना केल्याचे दिसणाऱ्या कृत्याबद्दल सरकारच्या मंजुरीशिवाय खटला दाखल होत नाही. पण नागराज विरुद्ध म्हैसूर राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हे संरक्षण मागणाऱ्या पोलिसाने चार गोष्टी सिद्ध करायच्या: तसा जमाव होता, त्याला पांगायला सांगितले, तो पांगला नाही किंवा पांगणार नाही असे त्याच्या वागण्यातून दिसले, आणि बळ त्या जमावातल्याच माणसांवर वापरले. चौथी गोष्ट पुन्हा वाचा. तुमचा भाऊ जमावात नव्हता. म्हणून फिर्यादीत 'पोलिसांनी जमाव पांगवण्यासाठी गोळीबार केला आणि त्यात...' असे वाक्य येता कामा नये. ते लिहिले की मंजुरीचा अडसर तुम्हीच घातलात. तो कुठे उभा होता, ठाण्यापासून किती अंतरावर, तोंड कुठे होते, इशारा ऐकू आला का, त्या क्षणी आसपास कोण होते, एवढेच लिहा. आणि खरे तेच. तो आधी घोषणा देत होता असे निघाले तर सगळे कोसळेल, तेव्हा आजच त्याला समोर बसवून विचारा.

तरीही मंजुरीचा अर्ज गृह विभागाकडे त्याच आठवड्यात द्या, पोच घ्या. न्यायालयाने मंजुरी लागेल म्हटले तर दोन वर्षांची खिडकी उघडी राहते. '१२० दिवसांत उत्तर आले नाही तर मंजुरी मिळाली असे समजतात' हे तुम्ही ऐकले असेल. ती तरतूद याच संहितेच्या कलम २१८ मध्ये (लोकसेवकांवरच्या खटल्याची सर्वसाधारण मंजुरी) आहे, कलम १५१ मध्ये नाही. न्यायालय ती इथे लावेल का, हे खात्रीने सांगता येणार नाही.

पुराव्याच्या बाबतीत तुम्ही फार हयगय केली आहे. व्हिडिओ असलेला मोबाइल पावतीशिवाय हवालदाराच्या हाती दिला, पँट धुवून टाकली. पँटवरची बंदुकीच्या दारूची पूड गेली, पण भोक कुठे आहे ते अजून सांगता येते. ती कागदी पिशवीत ठेवा, पुन्हा हात लावू नका. व्हिडिओ ज्याला ज्याला पाठवला त्याच्याकडून मूळ फाइल मिळवा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे दोन भागांचे प्रमाणपत्र आणि हॅश मूल्य (फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे दाखवणारी संगणकी खूण) लागेल. एक्स-रेमध्ये धातूचा तुकडा दिसतोय असे तुम्ही लिहिले आहे. तो खासगी दवाखान्यात गुपचूप काढून घेऊ नका. काढायचाच झाला तर डॉक्टरांनी सीलबंद करून, लेबल लावून, पंचनाम्याने द्यावा, म्हणजे न्यायसहायक प्रयोगशाळेत तो कोणत्या रायफलीचा आहे ते ताडता येईल.

ठाण्याच्या सीसीटीव्हीसाठी उद्याच लेखी अर्ज द्या. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांतले चित्रीकरण १८ महिने, ते जमत नसेल तर किमान एक वर्ष जपायला सांगितले आहे, आणि प्रवेशद्वार त्यात येते. दुकानदारांच्या कॅमेऱ्यांचे चित्रीकरण एव्हाना पुसले गेले असणार. स्टेशन डायरी, कंट्रोल रूमचे वायरलेस लॉग, कोणाला कोणते शस्त्र आणि किती काडतुसे दिली व किती परत आली याचे रजिस्टर, आणि जागेवर सापडलेल्या पुंगळ्यांचा पंचनामा, हे चारही फिर्यादीसोबतच न्यायालयामार्फत मागा. माहिती अधिकारात 'तपास चालू' म्हणून नकार येईल, पण नकाराचा कागदही उपयोगी पडतो. फैरी तीन आणि काडतुसे पाच कमी, असे काही निघाले तर तिथून उलटतपासणी सुरू होते.

नुकसानभरपाईचे मी सावधपणे सांगतो. दिवाणी दाव्याची नोटीस आजच पाठवा. नोटिशीचा महिना मुदतीतून वगळता यावा, पण त्यावर विसंबू नका. शासनाविरुद्ध दावा म्हणजे दोन महिन्यांची आणखी एक नोटीस. उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिकेतून भरपाई मिळू शकते आणि तिला कलम १६१ ची मुदत लागू नाही, पण वस्तुस्थितीचा वाद असला की न्यायालय हात आखडते. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून वर्षाच्या आत जा, त्यानंतर आयोगाला चौकशीच करता येत नाही.

वेळ किती लागेल असेही विचारले आहे. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी गोळीबारात दहा जण मेले, गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला, आणि तरी राज्य राखीव दलाच्या उपनिरीक्षकाला सत्र न्यायालयात शिक्षा व्हायला २००९ उजाडले. मृतांच्या घरच्यांना बारा वर्षे ताटकळत ठेवणे लाजिरवाणे आहे, पण त्या धर्तीवरच तयारी ठेवा. साक्षीदारांचे जबाब आत्ताच शपथपत्रावर घ्या, बारा वर्षांनी त्यांना अंतर आठवणार नाही.

भावावरच्या गुन्ह्यात त्याचा जामीन वेगळ्या वकिलाने न मागता याच वकिलाने मागावा. दोन वकिलांनी दोन वेगळ्या हकिगती लिहिल्या की फिर्यादीला तडा जातो. आणि फिर्याद, मंजुरीचा अर्ज, वकीलपत्र, तिन्हींवर सही भावाची लागेल, तुमची नाही. तो चालू शकत नसेल तर नोटरीला घरी बोलवा.