‘सादर’ कोण कोणाला करतो?

एका वाचकाचा प्रश्न आला आहे: नवे फोन बाजारात आणताना कंपन्या जे समारंभ करतात त्यांना मराठीत ‘सादरीकरण’ म्हणावं की ‘प्रस्तुतीकरण’? आणि त्यातला अतिगुळगुळीत खोटेपणा सांगायला ‘कृत्रिम’ हा शब्द पुरतो का?

आधी राग काढून घेतो. ‘आता अमुक साहेब आपलं सादरीकरण सादर करतील.’ माइक हातात आला की हे वाक्य म्हटलंच पाहिजे असा काही नियम झाला आहे का? ‘सादर करणे’ हे धड क्रियापद घरात असताना त्याला शेपूट लावून नाम करायचं आणि त्या नामाला पुन्हा ‘करणे’ जोडायचं, म्हणजे पोळीचा कुस्करा करून त्याची परत पोळी लाटायची. फोनचं ‘अनावरण’ही नको, ते पुतळ्यांसाठी राहू द्या. ‘प्रस्तुतीकरण’ हिंदीच्या वळणाचं आहे, ज्यांना आवडतं त्यांनी वापरावं.

आता ‘सादर’. संस्कृतचे एक निवृत्त प्राध्यापक मला दर भेटीत बजावतात की हा शब्द म्हणजे स + आदर, आदरासहित, विषय संपला. ‘सादर प्रणाम’मधला सादर तसा आहे, कबूल. पण मग मराठेशाहीच्या कागदांत ‘आज्ञापत्र सादर केले असे’ हे काय आहे? तिथे धनी आपल्या हाताखालच्या अंमलदाराला, गावच्या मोकदमाला हुकूम पाठवतो आहे. छत्रपती मोकदमाला आदरपूर्वक ताकीद देत होते असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

हा दुसरा ‘सादर’ अरबी-फारसी ‘सादिर’ आहे. सादिर म्हणजे निघालेला, जारी झालेला. उर्दूत आजही हुकूम सादिर होतो. खातिरचं खातर झालं, नाज़िरचा कोर्टातला नाजर झाला, तसंच सादिरचं सादर. हिंदीत ‘सादर प्रणाम’ आहे, पण नाटक किंवा अहवाल तिथे कोणी ‘सादर’ करत नाही, ‘पेश’ किंवा ‘प्रस्तुत’ करतात. निव्वळ संस्कृतातून हा अर्थ निघाला असता तर शेजारच्या घरातही दिसला असता.

आणि खरी गंमत पुढेच आहे. अरबीत या धातूचा जुना अर्थ पाणवठ्यावरून परतणं असा आहे. पाण्यावर येणारा तो वारिद, पिऊन परत निघणारा तो सादिर. पुढे ‘सादिर-वारिद’ ही जोडी आल्यागेल्यांसाठी वापरात आली. गावात आल्यागेल्याची सरबराई करायची तर खर्च होणारच, तो ‘सादिलवार’ खर्च. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कुठल्याही गुरुजींना विचारा, खडू-फळ्याच्या किरकोळ खर्चासाठी येणारं ‘सादिल’ त्यांना तोंडपाठ असतं. म्हणजे झगमगत्या रंगमंचावरचं ‘सादर’ आणि मुख्याध्यापकांच्या कपाटातल्या वहीतलं ‘सादिल’ हे सख्खे भाऊ. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी जेवण विसरलो होतो.

माझं मत असं की हा शब्द टिकला तोच मुळी वेष पालटून. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, कितीतरी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले, पण ‘सादर’ दफ्तरात राहिला, कारण तो संस्कृतच दिसत होता. मग त्याची दिशाही उलटली. पूर्वी वरून खाली हुकूम सादर व्हायचा, आता खालून वर अर्ज सादर होतो. आदराचा रंग चढला तो असा. प्राध्यापकांना हे पटत नाही. त्यांचं मत मोकदमाला विचारून बदलता येईल असंही नाही.

म्हणून फोनच्या समारंभाला ‘सादर’ चपखल बसतो. जाहिरातीत ‘सादर आहे नवा…’ असं नम्रपणे म्हणतात, पण तिथे कोणी तुमचा अभिप्राय मागत नसतं. किंमत, तारीख, रंग सगळं ठरलेलं असतं. फर्मान निघतं, आपण टाळ्या वाजवतो. त्यात ‘-ईकरण’ लावलं की पाणिनीचा च्वि प्रत्यय आला: जे तसं नव्हतं ते तसं करणं. पांढरं नव्हतं ते पांढरं केलं की शुक्लीकरण. सादर नव्हतं ते केलं की… असो. हा च्वि मोठा लबाड आहे. त्याची सगळी अक्षरं लोप पावतात, मागे फक्त परिणाम उरतो.

प्रश्नाचा दुसरा भाग राहिलाच. ‘कृत्रिम’ मुळात निंदेचा शब्द नाही, ‘करून झालेलं’ एवढाच त्याचा अर्थ. मनुस्मृतीतला ‘कृत्रिम’ पुत्र हा मानलेला मुलगा, खोटा मुलगा नव्हे. ‘बेगडी’ म्हणाल तर बेगड म्हणजे मखराला, बाशिंगाला चिकटवायचा चमचमता पातळ पत्रा. आत हलकं, वर चमक. पण या समारंभांत आतला मालही पुष्कळदा चांगला असतो, तक्रार वेगळी आहे.

मी ‘घोटीव’ म्हणेन. हातकागदावर शाई फुटू नये म्हणून तो गुळगुळीत दगडाने घोटत, अक्षर घोटतात, तान घोटतात. चकाकी आणि तालीम दोन्ही एका शब्दात. ९ जानेवारी २००७ला सॅन फ्रान्सिस्कोत स्टीव्ह जॉब्सनी आयफोन दाखवला तेव्हा ते फोन इतके कच्चे होते की आधी ईमेल पाठवून मग वेबपान उघडलं तर निभावायचं, क्रम उलटला तर फोन अडकण्याची भीती. तिथल्याच अभियंत्याने हे नंतर सांगितलं. सगळा क्रम घोटलेला होता. पण तेव्हा निदान मंचावर फजिती होण्याची सोय होती. जून २०२०मध्ये साथीमुळे ॲपलने आधीच चित्रित केलेली फिल्म दाखवायला सुरुवात केली आणि साथ ओसरल्यावरही ती चालू ठेवली. आता अडखळणं, घसा खाकरणं, चुकीचं बटण दाबणं काहीच उरलं नाही. तुम्हाला खटकतं आहे ते हेच असावं. गळाही घोटतातच की.

तेव्हा ‘कार्यक्रम फार घोटीव झाला’ असं बेलाशक लिहा. ‘घोटीव सादरीकरण सादर झालं’ असं लिहिलंत तर मात्र तुमचं पुढचं पत्र मी उघडणार नाही.