कढीपत्त्याला कात्री लावायला घाबरू नका

प्रश्न : ताई, दोन वर्षांपूर्वी नर्सरीतून कढीपत्त्याचं रोप आणलं, गॅलरीत ऊनही चांगलं येतं, पण ते नुसतं काठीसारखं वर चाललंय, शेंड्याला मूठभर पानं फक्त. फोडणीपुरती पानं मी खालून खालून तोडून घेते. त्यात आता हिरव्या अळ्या लागल्यात. काय फवारू? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : अहो, उत्तर तुम्हीच लिहिलंय की, "खालून खालून". आपण सगळ्याच हे करतो, झाडाला लागू नये म्हणून खालची जून पानं ओरबाडायची आणि शेंडा जपायचा, मग झाड वर पळणार नाही तर काय करणार! शेंडाच कापा, चांगला वीतभर. थंडी सरली की फेब्रुवारी-मार्चमध्ये कापलंत तर कापल्या जागेच्या खालून फुटवे येतात, आणि मग पुढे एकेक पान न खुडता अख्खी कोवळी डहाळीच कापून घ्यायची. डिसेंबर-जानेवारीत पानं पिवळी पडून गळायला लागली तर घाबरून पाणी वाढवू नका, थंडीत ते झाड सुस्तावतंच. ताकाचं भांडं विसळलेलं पाणी मी घालते, सासूबाईंची सवय, पण मीठ घालायच्या आधीचं हां.

अळ्यांचं म्हणाल तर कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, त्यामुळे लिंबावर येणारी फुलपाखरं इथेही अंडी घालतात. अळी लहान असताना अगदी पक्ष्याची शीट पडल्यासारखी दिसते, म्हणून आपलं लक्षच जात नाही, मोठी झाली की हिरवीगार होते. काडीने जरा डिवचून बघा, डोक्यामागून लालसर-नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि घाण वास सोडते. फवारू काहीच नका, ती पानं उद्या तुमच्याच आमटीत जाणारेत. उचलून बाजूला टाका, झालं. मी मात्र एक फांदी त्यांच्यासाठी सोडते, घरात मुलं आहेत, कोश बघायला मिळतो.

प्रश्न : किराणातले धणे दोनदा पेरले, एकही उगवला नाही. (नाशिक)

उत्तर : धणे अख्खेच टाकलेत ना? एका धण्यात दोन बिया असतात, लाटणं हलक्या हाताने फिरवून दोन फाका करा, भुगा नको, रात्रभर भिजवा आणि पेरा. आठ-दहा दिवस तरी वाट बघायची, चौथ्या दिवशी माती उकरून बघायची नाही (मी बघितलीये). तरी नाही आले तर धणे जुने असणार, दुसऱ्या दुकानातून आणा. मे महिन्यात मात्र नादी लागू नका, उन्हात कोथिंबीर लगेच फुलावर येते. आलीच तर हिरवे कोवळे धणे चटणीत वाटा, वास काय सुटतो!

प्रश्न : एकाच मोठ्या कुंडीत पुदिना, गवती चहा आणि पानओवा जमेल का? (पुणे)

उत्तर : पुदिना नको. बाकी दोघं नांदतील. पुदिन्याच्या मुळ्या मातीखालून पळतात, माझ्या कुंडीत त्याने आधी कोथिंबीर संपवली आणि मग पानओव्याला पार कोपऱ्यात ढकललं, भज्यांपुरती सहा पानं कशीबशी मिळाली, आणि पाहुणे आठ.