कुठली झडप उघडते?

सप्रेम नमस्कार,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्याकडे परीक्षणाला आलेल्या, यानाचा मार्ग ठरवण्याच्या पेटंट-अर्जाच्या फाइलीतला मजकूर त्यात उतरवला नाहीस हे उत्तम केलंस. अर्ज प्रकाशित होईपर्यंत त्यातली ओळसुद्धा टेबलाबाहेर जायला नको. पण फाइल न बघताही तुझी अवस्था कळली. पानंच्या पानं समीकरणं, त्यात हॅमिल्टोनियन आणि कोस्टेट ही सर्वोत्तम मार्ग शोधण्याच्या गणितातली साधनं, आणि शेवटी बहुधा दोनच आलेख. पहिल्या दिवशी वाटलं, हे नुसतं गणित आहे, फेटाळून मोकळं व्हावं. तिसऱ्या दिवशी वाटलं, एवढं अवघड आहे म्हणजे यात शोध असणारच, मंजूर करून टाकावं. दोन्ही वेळा तुझी नजर समीकरणांवर होती. दावे, म्हणजे अर्जदार नेमका कशावर हक्क मागतो ती वाक्यं, मागेच राहिले.

अशा फाइलीच्या पहिल्या पानावर मी पेन्सिलीने एक प्रश्न लिहून ठेवते : या गणितामुळे यानावरची कुठली झडप वेगळ्या वेळी उघडते? उत्तर दाव्यात सापडलं तर पुढे वाचायचं. फक्त वर्णनात सापडलं तर अर्जदाराला ते दाव्यात आणायला सांगायचं. कुठेच सापडलं नाही, तर तुझी पहिल्या दिवसाची शंका बरोबर होती.

तुझी फाइल बाजूला राहू दे, मी एक दावा रचून दाखवते. ‘यान एका कक्षेतून दुसऱ्या कक्षेत नेण्याचा मार्ग ठरवण्याची पद्धत, जिच्यात (क) दोन्ही कक्षांची मूल्यं घेतली जातात, (ख) मार्गाचे तुकडे पाडले जातात, (ग) इंधनवापर किमान होईपर्यंत प्रत्येक तुकड्यातली थ्रस्टची (रेट्याची) दिशा बदलली जाते, आणि (घ) असा ठरलेला मार्ग दिला जातो.’ आता (घ)जवळ थांब. दिला जातो म्हणजे कुणाला? पडद्याला, कागदाला, की यानाला? या दाव्यात यान फक्त नावापुरतं आहे. त्याच्या जागी ट्रक घातला तरी वाक्य तसंच उभं राहतं.

तू आक्षेप घेतलास की लगेच अर्जदाराचा वकील (घ)ला शेपूट जोडेल : ‘आणि त्यानुसार थ्रस्टर चालवला जातो.’ थ्रस्टर म्हणजे यानाला रेटणारं छोटं इंजिन, तेव्हा झडप आली खरी. पण मला अजून समाधान वाटत नाही, कारण (ग)ला थ्रस्टरची ओळखच नाही. आधी गणित झालं आणि मग ते थ्रस्टरच्या दारात नेऊन ठेवलं, एवढंच घडलं. काही कार्यालयांत एवढ्यावर पहिली पायरी, म्हणजे हा विषय मुळात पेटंटयोग्य आहे का ही, ओलांडता येते. पण इन्व्हेंटिव्ह स्टेपच्या, म्हणजे यात सहज न सुचणारं काही आहे का या प्रश्नाच्या, वेळी ही शेपटी काही कामाची नसते, कारण ठरलेल्या मार्गावर थ्रस्टर चालवायचा असतो हे कुणालाही माहीत आहे.

आता (ग) असा असता तर बघ : ‘यान पृथ्वीच्या सावलीत असताना थ्रस्ट शून्य धरून, सावलीतून बाहेर आल्यावर थ्रस्टर पुन्हा तापायला लागणारा वेळ वगळून, आणि बॅटरीची पातळी ठरावीक मर्यादेखाली जाऊ न देता.’ इथे गणित आणि यंत्र एकमेकांत गुंतले. सावली, हीटर, बॅटरी यांतलं काही बदललं की उत्तर बदलतं. आता ट्रक घालून बघ, जमत नाही.

कायद्याचे शब्द देशागणिक वेगळे आहेत. भारतात कलम ३(के)मध्ये गणिती पद्धत, ‘पर से’ (निव्वळ) संगणक-प्रोग्रॅम आणि अल्गोरिदम वगळले आहेत. युरोपात अनुच्छेद ५२ गणिती पद्धत ‘ॲज सच’ (दावा तेवढ्यावरच असेल तर) वगळतो. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या ॲलिस निकालापासून दोन पायऱ्यांची कसोटी आहे : दावा अमूर्त कल्पनेवर आहे का, आणि असल्यास त्यात त्यापलीकडे काही आहे का. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळाने २०२१मध्ये जी १/१९ या प्रकरणात सिम्युलेशनबद्दल सांगितलं, ते तुझ्या फाइलींना सर्वांत जवळचं आहे : सिम्युलेशन म्हणून सरसकट बाद नाही आणि सरसकट पासही नाही, इतर संगणकाधारित शोधांना लागते तीच कसोटी त्यालाही लागते. हे सगळं पाठ कर, पण आक्षेपाची सुरुवात कलमाने करू नकोस. आधी तांत्रिक परिणाम काय आहे किंवा काय नाही ते लिही, कलम मागाहून येऊ दे. कलमाने सुरू झालेला अहवाल वाचताच वकिलाला कळतं की परीक्षकाने दावा पुरता वाचलेला नाही.

झडपेचा प्रश्न शब्दशः घेऊ नकोस. कधी कधी न उघडलेली झडप हाच परिणाम असतो. ३ मार्च २००७ रोजी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक इंधनाचा थेंबही न जाळता १८० अंश फिरवलं गेलं. ते काम जायरोंनी, म्हणजे स्थानकावरच्या वेगाने फिरणाऱ्या चाकांनी, केलं, आणि वळण्याचा मार्ग असा आखला होता की गुरुत्वाकर्षणाचा आणि विरळ हवेचा पीळ विरोधात जाण्याऐवजी मदतीला यावा. नवीन यंत्र एकही बसवलं नव्हतं, बदलल्या त्या फक्त आज्ञा. याला कुणी नुसतं गणित म्हणेल का? मी तरी म्हणणार नाही.

हिशेब यानावर होतो की जमिनीवर, हेही दाव्यात बघ. ह्यूजेस कंपनीचं, विल्यम्स यांच्या नावाचं एक जुनं पेटंट होतं, स्वतःभोवती फिरणाऱ्या उपग्रहाचा अक्ष वळवण्याचं. त्यात उपग्रहाच्या फिरण्याची क्षणोक्षणीची स्थिती जमिनीवर कळत असे आणि जेट कधी सोडायचा ते जमिनीवरून ठरे. पुढच्या यानांनी तीच स्थिती यानावरच्या संगणकात ठेवली. उल्लंघन झालं की नाही यावर वर्षानुवर्षं खटला चालला. १९८३मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने शब्दशः नव्हे, पण समतुल्य म्हणून उल्लंघन धरलं. परीक्षकाच्या टेबलावर उल्लंघनाचा प्रश्न येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ‘प्रोसेसर’ हा शब्द दिसला की मी विचारते, तो कुठे बसवला आहे? यानावरच्या प्रोसेसरला स्मृती कमी, वेळ कमी, किरणोत्साराचा मार वेगळा. तिथे बसेल असा हिशेब करणं ही वेगळी समस्या आहे, आणि तिचं उत्तर शोध ठरू शकतं.

आता थोडी आकडेमोड. ती स्वतः कर. वर्णनात ‘आमच्या पद्धतीने डेल्टा-व्ही (वेगात करावा लागणारा एकूण बदल) कमी होतो’ असं लिहिलेलं असतं आणि परीक्षक ते तसंच पुढे नेतो. ३०० किलोमीटर उंचीच्या वर्तुळाकार कक्षेतला वेग सेकंदाला सुमारे ७.७३ किलोमीटर, भूस्थिर कक्षेतला ३.०७. कक्षेचं प्रतल बदलायचं नसेल तर होमान यांनी १९२५मध्ये मांडलेल्या दोन झटक्यांच्या मार्गाला सेकंदाला सुमारे ३.९ किलोमीटर इतका डेल्टा-व्ही लागतो. विद्युत थ्रस्टरने हळूहळू सर्पिल फिरत गेलं तर दोन वेगांमधला फरक, म्हणजे सुमारे ४.६५ लागतो. म्हणजे डेल्टा-व्ही वाढतो. घटतं ते इंधन. विशिष्ट आवेग (इंजिन इंधन किती काटकसरीने वापरतं याचं माप) ३२० सेकंद असलेल्या रासायनिक इंजिनाने गेल्यास निघतानाच्या वजनाचा ७१ टक्के भाग इंधनात जातो, १६०० सेकंदांच्या विद्युत थ्रस्टरने गेल्यास २६ टक्के. तेव्हा याच दोन कक्षांसाठी सर्पिल मार्ग होमानपेक्षा कमी डेल्टा-व्हीत नेतो असं कुणी लिहिलं असेल, तर एकतर त्याने शब्दांची गल्लत केली आहे किंवा तुलना सोयीची निवडली आहे. तुलना कशाशी केली हे विचारायला कधी लाजू नकोस. आळशी मार्गाशी तुलना केली की कुठलाही मार्ग हुशार दिसतो.

शोधाबद्दल, म्हणजे प्रायर आर्टच्या (अर्जाआधीच जगापुढे असलेल्या माहितीच्या) शोधाबद्दल, जरा सविस्तर लिहिते, कारण माझी फजिती इथेच झाली होती. पेटंटांच्या वर्गीकरणात यानाच्या नियंत्रणासाठी बी६४जी १/२४ आणि त्याखालचं १/२४२ हे तर बघशीलच, समीकरणं सोडवण्याच्या पद्धतींसाठी जी०६एफ १७/११ही. पण या विषयाचं खरं ज्ञान पेटंटांत कमी आणि परिषदांच्या निबंधांत, नासाच्या तांत्रिक अहवालांत जास्त आहे. कमी थ्रस्टच्या कक्षांतराचं एडेलबॉम यांचं सूत्र १९६१चं, थ्रस्टची उत्तम दिशा सांगणारा लॉडन यांचा प्रायमर व्हेक्टर १९६३च्याही आधीपासूनचा. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी एक दावा नवा म्हणून सोडला. त्या पेटंटला कुणीतरी विरोध केला तेव्हा एक टंकलिखित अहवाल पुढे आला, साठच्या दशकातला. शब्द टंकलेखनयंत्रावरचे, सूत्रं मात्र शाईने हाताने भरलेली. स्कॅन केलेल्या त्या पानांत माझा एकही शोधशब्द सापडणं शक्य नव्हतं. आकृती मात्र हुबेहूब अर्जातली, फक्त अक्षांची अदलाबदल झालेली. तेव्हापासून मी आधी आकृत्या चाळते आणि मग शब्द शोधते.

शब्दांची बनवाबनवी वेगळीच. ग्रह-चंद्राच्या ओढीने यानाचा वेग आणि दिशा बदलण्याच्या एकाच गोष्टीला ग्रॅव्हिटी असिस्ट, स्विंग-बाय, फ्लाय-बाय अशी तीन नावं. बॅलिस्टिक कॅप्चर, वीक स्टॅबिलिटी बाउंडरी, लो-एनर्जी ट्रान्सफर ही नावंही, कमी इंधनात पोहोचवणाऱ्या मार्गांच्या, एकाच कुळातली. १९९१मध्ये जपानचं हितेन यान बेल्ब्रुनो आणि मिलर यांनी सुचवलेल्या अशाच मार्गाने चंद्रापाशी पोहोचलं, पण ज्या नावाने शोधशील त्यानुसार निबंध वेगळे निघतील. मार्ग-अनुकूलनाची जी जागतिक स्पर्धा २००५पासून भरते, तिच्यातली उत्तरं आणि नासाच्या जीमॅटसारख्या खुल्या सॉफ्टवेअरचा कोडही बघ. ते कोणत्या तारखेला सार्वजनिक झालं याची खात्री मात्र करून घे. कोडातली टिप्पणी हाही प्रायर आर्ट असू शकतो, हे बऱ्याच परीक्षकांच्या गावीही नसतं.

‘चंद्राचं गुरुत्वाकर्षण कुणाच्या बापाचं आहे का?’ हा प्रश्न तुला आज ना उद्या कुणीतरी विचारेल. एशियासॅट-३ हा उपग्रह डिसेंबर १९९७मध्ये उडाला आणि वरच्या टप्प्याच्या बिघाडामुळे तिरक्या, निरुपयोगी कक्षेत अडकला. विम्याच्या दृष्टीने तो गेला होता. ह्यूजेसच्या लोकांनी तो १९९८च्या मे आणि जूनमध्ये दोनदा चंद्राला वळसा घालून भूसमकालिक कक्षेत आणला. या पद्धतीला अमेरिकेत २०००मध्ये पेटंट मिळालं. २००८मध्ये एएमसी-१४ या उपग्रहाची तशीच गत झाली, तेव्हा चंद्राच्या वाटेने तो वाचवण्यात हेच पेटंट आडवं येतंय अशा बातम्या छापून आल्या. लोक भडकले, निसर्गनियमावर पेटंट कसं, म्हणून.

माझं मत विचारशील तर तो राग चुकीच्या जागी होता. दाव्याचा विषय गुरुत्वाकर्षण नव्हता, उपग्रहाचं इंजिन केव्हा, कुठे आणि कशासाठी पेटवायचं हा होता. झडप होती. खरा प्रश्न इन्व्हेंटिव्ह स्टेपचा. चंद्राला वळसा घालून आपोआप परत येणारा मार्ग अपोलोच्या काळापासून माहीत होता. चंद्राच्या ओढीने कक्षा बदलता येते हेही माहीत होतं. मग अडकलेल्या भूस्थिर उपग्रहाच्या कक्षेचा तिरकेपणा काढण्यासाठी हे दोन्ही एकत्र आणणं कुशल अभियंत्याला सहज सुचलं असतं का? आज सगळ्यांना वाटतं, हो. पण उत्तर माहीत झाल्यावर सगळंच सोपं दिसतं. म्हणून अहवालात ‘सहज सुचलं असतं’ एवढंच लिहू नकोस. कुठल्या कागदातल्या कुठल्या वाक्यामुळे सुचलं असतं ते लिही. ते वाक्य सापडत नसेल तर आक्षेप कच्चा आहे.

दोन गोष्टी घाईत सांगते. ‘सर्वोत्तम मार्ग’ हा शब्द दाव्यात आला की स्पष्टतेचा आक्षेप घे. सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम, बहुतेक वेळा जवळपासचा किमान बिंदू देतो, सगळ्या शक्यतांतला नव्हे. कशाच्या दृष्टीने सर्वोत्तम, इंधनाच्या की वेळेच्या, हे तरी लिहायला लाव. दुसरं, कोस्टेटची पद्धत वापरली असेल तर सुरुवातीचा अंदाज कुठून आणला ते वर्णनात शोध. या पद्धती चांगला अंदाज मिळाला तरच उत्तराकडे जातात, नाहीतर भरकटतात. अर्जदाराने नेमकी तीच युक्ती झाकून ठेवली असेल, तर वाचणाऱ्या अभियंत्याच्या हाती समीकरणं पडतात, मार्ग पडत नाही. अपुऱ्या वर्णनाचा हा आक्षेप परीक्षक क्वचितच घेतात, आणि माझ्या अनुभवात वकील सर्वांत जास्त यालाच घाबरतात.

अहवालाचा मसुदा झाला की एक दिवस तसाच ठेव आणि मग पाठव.

कळावे, लोभ असावा.

ता. क. त्या दोन आलेखांचे अक्ष नीट बघ. उभ्या अक्षावर एकक लिहिलेलं नसेल तर डेल्टा-व्ही की इंधनाचं वस्तुमान, हे आधी विचारून घे. बाकीचे निम्मे आक्षेप त्या उत्तरावर ठरतील.