घरात वापरायला जुन्या लाकडी खुर्च्या घ्यायच्या तर नेमकं काय बघावं? (वडोदरा)

तुम्ही लिहिलंय की मांजलपूरला नवा फ्लॅट घेतलाय, जेवणाच्या टेबलाला चार आणि सासूबाईंना बसायला एक अशा जुन्या लाकडी खुर्च्या हव्यात, आणि दुकानदार 'शंभर वर्षांची आहे, राजवाड्यातली आहे' असं सांगतात त्यातलं खरं किती ते कळत नाही. मी बडोद्यातच वाढले. जुनं फर्निचर घेणं, दुरुस्त करून घेणं आणि वापरणं आमच्या घरी वर्षानुवर्षं चालत आलंय. म्हणून आधीच सांगते: वयाचे पैसे देऊ नका, सांध्यांचे द्या.

लक्ष्मी विलास राजवाडा 1890 साली पूर्ण झाला. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी कलाभवन सुरू केलं, तिथे सुतारकामही शिकवलं जायचं. शहरात चांगलं लाकूडकाम तेव्हापासून घरोघरी आहे, त्यामुळे रावपुरा-दांडिया बाजारच्या एखाद्या साध्या कारकुनाच्या वाड्यातून निघालेली खुर्चीसुद्धा उत्तम असू शकते. 'राजवाड्यातली' हे सिद्ध करणारा कागद दुकानदाराकडे नसेल तर त्या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

आता खुर्ची उलटी करा. दुकानात संकोच वाटतो, पण करा. वरची बाजू पॉलिशवाल्याने सजवलेली असते, खालच्या बाजूकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. हाताने रंधा मारलेल्या लाकडावरून बोटं फिरवलीत तर उथळ लाटा लागतात. यंत्रावर तासलेलं लाकूड सपाट लागतं. बैठकीखालचं लाकूड हवेने तपकिरी झालेलं हवं, आणि सगळीकडे एकसारखं नको: सांध्याच्या कोपऱ्यात गडद, मोकळ्या जागी फिकं. चहाच्या पाण्यासारखा एकच रंग सगळीकडे फासलेला दिसला तर तो मुद्दाम जुना केलेला माल समजा. स्क्रूंची डोकीही बघा. अधिक चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू 1930 च्या दशकात आले. 1900 सालच्या म्हणून दाखवलेल्या खुर्चीत ते असतील तर निदान दुरुस्ती तरी नंतरची आहे. सांध्यातून पांढरट, प्लास्टिकसारखा गोंद बाहेर आलेला असेल तर तेही तसंच, कारण फेविकॉल 1959 चा. त्याआधी सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद, वापरायचे.

सरसाच्या खुर्चीचा फायदा पुष्कळांना माहीत नसतो. सरस गरम पाण्याने, वाफेने सुटतो. म्हणजे डुगडुगणारी जुनी खुर्ची चांगला मिस्त्री पूर्ण सोडवतो, साफ करतो आणि पुन्हा घट्ट बसवतो. याउलट कोणीतरी सांध्यात आरपार खिळे ठोकले असतील, किंवा आतून लोखंडी एल-पट्टी मारली असेल, तर आतलं कुसू (एका लाकडाचं दुसऱ्याच्या खाचेत बसणारं टोक) बहुधा फुटलेलं असतं. अशी खुर्ची कितीही देखणी असली तरी सोडून द्या. सगळ्यात जास्त ताण मागचा पाय आणि बैठकीची चौकट जुळतात तिथे येतो. बैठकीवर गुडघा टेकवून पाठ मागे दाबून बघा. करकरली तर चालेल, पण सांध्यात फट उघडताना दिसली तर त्या दुरुस्तीचे पैसे किमतीतून वजा करून बोला.

हे सगळं उन्हाळ्यात करा. पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा लाकूड फुगवते आणि ढिला सांधासुद्धा घट्ट वाटतो. मे महिन्यात जी खुर्ची हलत नाही ती वर्षभर हलणार नाही.

खुर्चीच्या पायांचा तळाकडचा दोन-तीन बोटं उंचीचा भाग नीट बघा. आपल्या घरात रोज ओल्या फडक्याने फरशी पुसतात, आणि वर्षानुवर्षं ते पाणी पायाच्या तळातून वर चढतं. तिथे नखाने दाबलं आणि लाकूड दबलं तर ते कुजलंय. बरेच विक्रेते कुजलेला भाग कापून टाकतात आणि चारही पाय सारखे करतात, त्यामुळे खुर्ची ठेंगणी होते. टेप बरोबर न्या. जेवणाचं टेबल साधारण 30 इंच उंच असतं, त्याला बैठक 17 ते 18 इंचांवर हवी. 15 इंचांवर बसून जेवायला घेतलंत तर ताट हनुवटीशी येतं.

बडोद्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते ती विश्वामित्री नदीच्या पुराची. 2019 चा पूर आठवत असेल, 2024 च्या ऑगस्टमधला तर आठवतोच. किती घरांतलं फर्निचर कित्येक दिवस पाण्यात उभं होतं. त्यातलं पुष्कळ नंतर घासूनपुसून, पॉलिश करून विकायला आलं. ओळखायची खूण अशी: चारही पायांवर एकाच उंचीवर रंगाची हलकी रेघ, आणि खिळ्यांच्या भोवती काळे डाग, कारण ओल्या लाकडाशी लोखंडाची प्रक्रिया होऊन ते काळं पडतं. सागवान पुरातूनही तरतं, पण सरस तरत नाही. घ्यायचीच असेल तर सगळे सांधे नव्याने बसवायचे आहेत असं धरून चला.

लाकूड म्हणाल तर सागवान किंवा शिसव. शिसव जास्त जड, म्हणून रोज सरकवायच्या जेवणाच्या खुर्चीला सागवान बरं. भोकं दिसली तर घाबरू नका, आधी ती जुनी की चालू ते बघा. खुर्ची एका रात्रीपुरती काळ्या कागदावर ठेवायला मिळाली तर उत्तम. सकाळी खाली फिकट भुकटी पडलेली असेल तर कीड जिवंत आहे, आणि औषध भरून घेतल्याशिवाय ती घरात आणू नका. भोकं काळपट आणि कोरडी असतील तर कीड कधीच निघून गेलेली असते.

टेबलाच्या चार खुर्च्यांसाठी माझी पहिली पसंती वाकवलेल्या लाकडाच्या, गोल बैठकीच्या, इराणी हॉटेलात असायच्या तशा खुर्च्यांना. मूळ नमुना व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीचा, 1859 चा: लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट, बस्स. सांधा ढिला झाला तर स्क्रूड्रायव्हरने घट्ट होतो. मूळच्या खुर्च्या युरोपातल्या बीच लाकडाच्या असतात आणि त्या लाकडाला आपल्याकडची कीड पटकन लागते, म्हणून इथे बनवलेली सागवानी नक्कल मिळाली तर मी ती आनंदाने घेईन. एकाच घराण्यातल्या चार न मिळाल्या तरी हरकत नाही. बैठकीची उंची चौघींची सारखी हवी, पाठीची नक्षी वेगवेगळी चालते.

सासूबाईंसाठी मात्र लांब हातांची आरामखुर्ची घेऊ नका. फार मोह होतो, माहीत आहे. पण तिची बैठक मागे कललेली आणि खोल असते, गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यातून एकट्याने उठता येत नाही. त्यांना बैठक 18-19 इंचांवर असलेली, पाठ जवळपास सरळ आणि हात थेट पुढच्या कडेपर्यंत आलेले अशी खुर्ची द्या, म्हणजे हातांवर जोर देऊन उठता येतं. त्यांना दुकानात घेऊन जा आणि पाच मिनिटं बसवा.

वेताची बैठक असेल तर चौकटीला ओळीने भोकं पाडून त्यातून वेत ओवलाय, की तयार जाळी खाचेत दाबून बसवलीय, ते बघा. हाताने विणलेली जास्त टिकते, पण फाटली तर विणणारा कारागीर शोधावा लागतो आणि मजुरी चांगलीच लागते. नुसती सैल झाली असेल तर खालच्या बाजूने पाणी लावून सावलीत वाळवा, आपोआप ताणली जाते.

संखेड्याची खुर्ची घ्यावी का असंही तुम्ही विचारलंय. अवश्य घ्या, संखेडा हे बडोद्याजवळचं गाव, ती आपल्या दारातली कला आहे. खराद्यावर (लेथवर) कातलेलं सागवान, त्यावर कथलाची नक्षी, आणि वरून लाख चढली की चांदीसारखी नक्षी सोनेरी दिसायला लागते. जुन्या मरून रंगाच्या खुर्चीत ही सोनेरी झाक आतून आल्यासारखी दिसते, अलीकडच्या स्वस्त मालात सोनेरी रंग वरून मारलेला असतो. तिला दोन गोष्टींपासून जपा: गरम भांडं आणि स्पिरिट. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, तेव्हा पॉलिशवाल्याला तिला हात लावू देऊ नका.

हीच गोष्ट इतर खुर्च्यांवर तपासणीसाठी वापरता येते. खालच्या, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा बोळा लावा. चिकट झालं आणि रंग कापसावर आला तर वर चपडी लाखेचं जुन्या पद्धतीचं पॉलिश आहे. ते खरवडून मेलामाइन (नव्या पद्धतीचं रासायनिक पॉलिश) मारायचा आग्रह कारागीर धरतील, कारण त्यांचं काम लवकर उरकतं. नाही म्हणा. लाखेवर ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा हात फिरवता येतो, मेलामाइन निघालं तर सगळंच काढावं लागतं.

दीर अमेरिकेला एखादी खुर्ची नेणार म्हणताय, तर ती खरोखर शंभर वर्षांहून जुनी असेल तर 1972 च्या पुरावशेष कायद्याचा प्रश्न येतो आणि खासगी माणसाला अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. त्यांना संखेड्याहून नवीनच करून द्या. आणि तुमच्या पाचही खुर्च्या घरी आल्या की पहिल्याच दिवशी पायांना खालून रबरी बूट बसवून घ्या, म्हणजे फरशी पुसायचं पाणी लाकडापर्यंत पोचणार नाही.